काढायचं की घालायचं? कर्जत लाइनवरचं डीजे मिक्स आणि जमैकाचा डब

‘पीएचडी नक्की कशावर?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘घरी बसून केलेल्या डीजे मिक्सचा इतिहास’ असं सांगितलं, की समोरचा आधी हसतो. मग हमखास दुसरा प्रश्न येतो: ‘त्यात इतिहास काय आहे?’ आजची पोस्ट त्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

माझ्या कामाचा भाग म्हणजे मध्य रेल्वेची कर्जत लाइन. कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. इथे वर्षभर काही ना काही वाजत असतं. आगरी-कोळी घरांतली हळद, १४ एप्रिलची जयंती, गणपती, नवरात्र, उल्हासनगरात चेटीचंडची मिरवणूक. टेम्पोवर चार बेस, चार टॉप चढतात आणि गाणं सुरू होतं. पण ते गाणं मूळ कॅसेटवरचं नसतं. आसपासच्याच कुणीतरी वन-बीएचकेत, कॉम्प्युटरवर ते पुन्हा बांधलेलं असतं. मध्येच एक आवाज येतो आणि डीजेचं नाव घेऊन जातो. त्याला ‘टॅग’ म्हणतात. टॅग लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

आज आपण दोन कामं एकत्र करू. घरच्या सॉफ्टवेअरवर डब पद्धतीचं एक गाणं कसं मांडायचं आणि मिक्स करायचं ते पाहू, आणि वाटेत प्रत्येक युक्ती कुठून आली तेही बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जमैकातले लोक गाण्यातून काढायला शिकले आणि आपण गाण्यात घालायला शिकलो. हा फरक आवडीनिवडीचा नाही. मूळ टेप कुणाच्या कपाटात होती, याचा आहे.

डब म्हणजे ‘डब केलेला सिनेमा’ नव्हे

‘डब’ म्हटलं की आपल्याला हिंदीत डब केलेला साऊथचा सिनेमा आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९५० पासून गल्लीत मोठाले स्पीकर लावून रेकॉर्डी वाजवण्याची पद्धत रुजली. त्याला ‘साऊंड सिस्टिम’ म्हणतात. दोन साऊंड सिस्टिममध्ये चढाओढ असायची. दुसऱ्याकडे नसलेलं गाणं आपल्याकडे हवं म्हणून खास एकच मऊ तबकडी कापून घ्यायचे. ती ‘डबप्लेट’. आपल्याकडे ‘अनरिलीज्ड ट्रॅक’ म्हणून जे पेनड्राइव्हवर जपलं जातं, तोच प्रकार.

१९६७-६८च्या सुमारास रडी रेडवूड नावाच्या साऊंड सिस्टिमवाल्याने अशी एक तबकडी कापून घेतली. गाणं ‘द पॅरागॉन्स’ या गटाचं होतं. कापताना इंजिनिअरकडून गायकाचा ट्रॅक लावायचा राहून गेला, असं सांगतात. रडीने ती तशीच नेली. आधी आवाजासकट गाणं वाजवलं आणि मग बिनआवाजाचं लावलं. लोकांना शब्द पाठ होतेच. त्यांनीच गायला सुरुवात केली. त्यानंतर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाण्याचं ‘व्हर्जन’ म्हणजे नुसती साथ छापायची रीत पडली.

या व्हर्जनचा डब केला तो किंग टबीने. खरं नाव ऑसबोर्न रुडॉक, जन्म १९४१. धंदा विजेची उपकरणं दुरुस्त करण्याचा. शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेलं चार ट्रॅकचं मिक्सर त्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलं आणि वॉटरहाऊस वस्तीतल्या आपल्या घरात बसवलं. बाथरूमची आवाज घ्यायची खोली केली. वादकांचा ताफा मावेल एवढी जागाच नव्हती. त्यामुळे दुसरीकडे रेकॉर्ड झालेल्या टेपा त्याच्याकडे यायच्या आणि तो त्यातून वस्तू काढायचा. गायक बंद, गिटार बंद, उरला ढोल आणि बेस. मग गायकाचा एखादाच शब्द आत सोडायचा, त्याला प्रतिध्वनी लावायचा, आणि परत शांतता.

घरातला स्टुडिओ, दुरुस्तीचं ज्ञान, दुसऱ्याचं गाणं आणि गल्लीतले श्रोते. अंबरनाथ-बदलापूरला यातलं काय नाही? सगळं आहे. तरीही आपल्याकडे डब झाला नाही. का?

आपल्याकडचं ‘व्हर्जन’

गंमत म्हणजे ‘व्हर्जन’ हा शब्द आपल्याकडेही आला, पण अर्थ उलटा घेऊन. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती. गाणं प्रसिद्ध होऊन दोन वर्षं झाली की, सूचना देऊन आणि ठरलेलं मानधन भरून, तेच गाणं दुसऱ्या आवाजात नव्याने रेकॉर्ड करता यायचं. याला ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ म्हणत. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी या वाटेवरून बाजार भरून टाकला. पुढे २०१२च्या दुरुस्तीने ही मुदत दोनाची पाच वर्षं केली.

म्हणजे जमैकात व्हर्जन म्हणजे मूळ टेपमधून गायक काढणं, आणि भारतात व्हर्जन म्हणजे मूळ टेप न वापरता गायकच बदलणं. मल्टीट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर असलेली टेप, असलीच तर कंपनीच्या कपाटात. कल्याण-उल्हासनगरच्या दुकानात यायची ती तयार कॅसेट. तिच्यात ढोलकी, कोरस, आवाज सगळं एकजीव झालेलं. वरणातून हळद वेगळी काढता येत नाही, तसंच.

कॅसेटने आपल्याला फार मोठं काही दिलं हे मात्र खरं. प्रल्हाद शिंदे, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज, भीमगीतं, कोळीगीतं घरोघर गेली ती कॅसेटमुळे. उल्हासनगरात सिंधी लाडे, म्हणजे लग्नाची गाणी, अशीच घरात वाजली. ज्या समाजाला फाळणीनंतर स्वतःचं राज्यच उरलं नाही, त्याच्यासाठी कॅसेट ही लहान गोष्ट नव्हती. पण या कॅसेटमधून काही काढण्याची सोय कुणाकडेच नव्हती. उरला एकच मार्ग, वरून घालायचा. त्यातून आपली अख्खी शैली घडली. कॉम्प्युटर आला तेव्हा तयार गाण्याखाली किक घातली, वर हलगी घातली, संबळ घातला, सायरन घातला. यूट्यूबवर ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘बेंजो मिक्स’ शोधून बघा. नावातच काय घातलंय ते लिहिलेलं असतं. काय काढलंय ते कुणी लिहीत नाही.

२०१९ मध्ये हे बदललं. डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं. तयार गाणं दिलं की ते आवाज, ड्रम, बेस असे भाग वेगळे करून देतं. त्यानंतर याहून चांगली साधनंही आली. म्हणजे टबीला १९७०च्या दशकात जे टेपमुळे मिळत होतं, ते बदलापूरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये जवळपास पन्नास वर्षांनी पोचलं. तेव्हा आता आपणही डब करून बघू.

मांडणी

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. आपल्याकडे एफएल स्टुडिओ जास्त दिसतं. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९७च्या अखेरीस ‘फ्रुटीलूप्स’ म्हणून आलं आणि २००३ मध्ये त्याचं नाव बदललं. उघडलं की समोर सोळा खाने दिसतात. खान्यावर क्लिक करा, तिथे ठोका पडतो. हे सोपं आहे, म्हणूनच ते पसरलं. पण हे सोळा खाने चाराच्या हिशेबाचे आहेत. अनेक कोळीगीतं झुलतात ती सहाच्या चालीवर. ती सोळा खान्यांत सरळ बसत नाही. खाने बारा करा, मग बसते. ही एक सेटिंग न बदलल्यामुळे झुलणारं गाणं कवायतीसारखं चालायला लागतं. वाद्याने चाल घडते हे आपण ऐकलेलं असतं, सॉफ्टवेअरनेही घडते.

डबसाठी लय ठेवा मिनिटाला ७५ ठोके. रेगेमध्ये चार ठोक्यांपैकी पहिला मोकळा सोडतात आणि वजन तिसऱ्यावर देतात. आपल्या कानाला सम पहिल्यावर हवी असते, त्यामुळे सुरुवातीला पाय अडखळतो. अडखळू द्या. त्यावर बेसची चार-पाच सुरांची एकच ओळ, आणि ती गाणंभर बदलायची नाही. ठोक्यांच्या मधल्या जागेत हार्मोनियमची किंवा कीबोर्डची तोकडी टिचकी. हलगी ठेवायची असेल तर सतत नको, आठ मात्रांतून एकदा येऊ दे. मग आवाज. स्वतः गायलेला घ्या किंवा परवानगी असलेला.

आता सगळं वाजेल असं आठ आवर्तनांचं गाणं तयार झालं. इथे डीजे मिक्स करणारा विचार करतो की आणखी काय टाकू. तुम्ही उलट करा. गाणं चार मिनिटं लांबवा आणि एकेक वस्तू बंद करत जा. साधा आराखडा असा:

पहिली आठ आवर्तनं सगळं चालू. लोकांना गाणं कळू द्या, कारण जे माहीत नाही त्याची उणीव भासत नाही. पुढची आठ आवाज बंद, फक्त ढोल आणि बेस. मग ओळीचा शेवटचा शब्द तेवढा आत, प्रतिध्वनीसकट. मग बेसही बंद करा, दोनच आवर्तनं. टेम्पोसमोर नाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. बेस परत येतो तेव्हा नवीन काहीही न घालता गाणं दुप्पट मोठं वाटतं.

मिक्स

प्रतिध्वनीचं गणित सोपं आहे. साठ हजाराला लयीने भागा. ७५ लयीला एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण भाग ६०० मिलिसेकंद. डिलेमध्ये ६०० टाका, प्रतिध्वनी ठोक्यांच्या फटीत पडतो आणि गाण्याशी खेळतो. टबीच्या काळी हे टेपवर व्हायचं. रेकॉर्ड करणारं डोकं आणि वाजवणारं डोकं यांत समजा पाच सेंटिमीटर अंतर आहे आणि टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावतेय, तर आवाज साधारण पाव सेकंद उशिरा येतो. तोच परत आत सोडला की पुन्हा येतो, दर वेळी थोडा मळकट होऊन. घरचं सॉफ्टवेअर स्वच्छ प्रतिध्वनी देतं, म्हणून तो मळ मुद्दाम आणावा लागतो. डिलेच्या पुढे फिल्टर लावा. २०० हर्ट्झच्या खालचं आणि ४००० च्या वरचं कापून टाका.

डिले आवाजाच्या ट्रॅकवर थेट बसवू नका. वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि आवाजातून तिकडे ‘सेंड’ द्या. एरवी सेंड शून्यावर. ओळीच्या शेवटच्या शब्दावर वर न्या आणि लगेच खाली. शब्द उडून जातो, मागचं गाणं स्वच्छ राहतं. डिलेचा फीडबॅक ६०-७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. शंभराच्या पुढे गेला की तो स्वतःवरच चढत जातो, तेव्हा पुढे लिमिटर हवाच. नाहीतर हेडफोनसकट कान जातील. किक आणि बेसला रिव्हर्ब अजिबात नको, आणि दोन्ही मधोमध, मोनोमध्येच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे हाताने वाजवा. माउसने रेघा ओढत बसू नका. गाणं सुरू करा, ऑटोमेशन रेकॉर्डवर ठेवा, आणि चार मिनिटं बंद-चालू एका दमात करा. तीन वेळा करा आणि एक निवडा. टबीसाठी मिक्सर हे वाद्य होतं, आणि प्रत्येक मिक्स हे एक वादन.

शेवटी आवाजाची पातळी. मास्टरवर सहा डेसिबलची जागा मोकळी ठेवा आणि हळू आवाजात ऐका. छोट्या खोलीत बेस खोटं बोलतो. कोपऱ्यात जास्त वाटतो, मध्यभागी गायब होतो. म्हणून दाराबाहेर उभं राहून ऐका, मोबाइलवर ऐका, ओळखीच्या रिक्षावाल्याच्या स्पीकरवर ऐका. आपल्याकडे मिक्स ‘जोरात’ करायची चढाओढ आहे, कारण शेजारच्या मंडळाचा टेम्पो समोर असतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २०१८च्या गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे-डॉल्बीला परवानगी द्यायला उच्च न्यायालयाने नकार दिला. जाता जाता ‘डॉल्बी’ शब्दाचंही बघा. सांगली-साताऱ्याकडे स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. १९६५ मध्ये रे डॉल्बीने कंपनी काढली आणि तिचं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रामुळे! डबचं बरं हे की त्याची ताकद शांततेत आहे. बेस बंद करून परत आणलात तर कमी डेसिबलमध्येही तो छातीत लागतो.

काय काढतोय, कुणाला काढतोय

आता टॅगकडे येऊ. माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न इथे आहे.

आपल्या परंपरेत कवीचं नाव गाण्याच्या आत असतं. तुकोबांच्या अभंगात शेवटी तुकोबांचं नाव येतं. शाहिरांनी तीच रीत चालवली. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गाण्यांतही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. याला नाममुद्रा म्हणतात. ज्यांची गाणी छापली जात नव्हती, ज्यांना रॉयल्टी माहीत नव्हती, त्यांच्यासाठी हीच सही, हीच नोंद. गाणं कुणीही गावं, कुठेही गावं, नाव सोबत जाणारच.

डीजे मिक्समध्ये बहुतेकदा मुखडा उरतो आणि फार तर पहिलं कडवं. नाचायला तेवढंच पुरतं. शेवटचं कडवं कापलं जातं आणि त्याच्याबरोबर नाव. मग मधल्या मोकळ्या जागेत टॅग येतो, डीजेचा. कुणी मुद्दाम करत नाही. पण दहा वर्षांनी फोल्डरमध्ये फाइल उरते ती डीजेच्या नावाची. कवी नाही, गायक नाही, वर्ष नाही. उल्हासनगरचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असतं, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद आहे, पण प्रश्न तोच आहे: वस्तू एकाची, लेबल कुणाचं?

डीजेला चोर ठरवायला मी हे लिहीत नाही. १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या बराकींतून उभं राहिलेलं शहर, कारखान्यांवर वाढलेलं अंबरनाथ, मुंबईत घर परवडेना म्हणून फुगलेलं बदलापूर. इथल्या पोराला स्टुडिओ मिळत नाही, तो घरात बनवतो. टॅग ही त्याचीही नाममुद्राच आहे. त्यालाही नाव टिकवायचंय, कारण त्याचाही ट्रॅक दुसरा कुणीतरी उचलणारच. अडचण एवढीच की एका सहीसाठी दुसरी सही खोडली जाते.

जमैकाचा अनुभवही फार गोड नाही. तिथेही व्हर्जनच्या मागे राबलेल्या अनेक वादकांना आणि गायकांना पैसे मिळाले नाहीत. टबीचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर आलं हे खरं, पण बेस वाजवणाऱ्याचं अनेकदा आलं नाही. त्यामुळे ‘काढणं’ हे ‘घालण्या’पेक्षा आपोआप थोर ठरत नाही. आवाज वेगळा करणारं साधन हातात आल्यावर तर जबाबदारी वाढते. ज्या भीमगीताच्या गायकाचा आवाज मुश्किलीने टेपवर पोचला, तो एका क्लिकवर बंद करता येतो. तोच आवाज एकटा समोर ठेवून, इतक्या वर्षांत ढोलकीखाली दबलेला त्याचा श्वासही ऐकवता येतो. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखंच.

म्हणून डब करणाऱ्याला माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे. मूळ गाणं वापरत असाल तर आधी परवानगी घ्या. मग शेवटचं कडवं कापू नका. चार मिनिटांत बाकी सगळं काढा, हलगी काढा, बेस काढा, मुखडाही अर्धा काढा. पण नाममुद्रा येईल तिथे साथ थांबवा, सेंड वर न्या आणि नाव ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने फिरू द्या. तुमचा टॅग त्याच्यानंतर येऊ दे, खुशाल.

आणि फाइल सेव्ह करताना ‘फायनल_न्यू_२’ लिहू नका. गाणं, कवी, गायक, मिक्स करणारा, गाव, तारीख असं लिहा. तुमच्या जुन्या पेनड्राइव्हवर, दुकानातल्या हार्ड डिस्कवर असे बिननावाचे ट्रॅक पडले असतील, तर पुसण्याआधी घरातल्या थोरांना एकदा ऐकवा. हळदीला धवला म्हणणारी एखादी धवलारीण, जयंतीच्या जलशात बसलेले एखादे काका, लाडे पाठ असलेली एखादी सिंधी आजी. गाणं कुणाचं ते पुष्कळदा त्यांना पहिल्या ओळीतच कळतं. ते नाव फाइलला जोडा. माझ्या विषयाचे कागद कुठल्याही अभिलेखागारात नाहीत, ते या फाइलनावांतच आहेत.

पुढच्या पोस्टमध्ये बेंजोकडे वळू. जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झालेलं ताईशोगोतो हे वाद्य आपल्या मिरवणुकीत कसं आलं, आणि डीजेने त्याला कसं हटवलं, ते सांगतो.